डब्बा टीव्हीच्या पोटात

एक सोप्पा प्रश्न. तुमच्या घरचा तो जुना, ढेरपोट्या टीव्ही सध्या कुठे आहे?

अ) माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे. ब) गावच्या घरी, आजीच्या खोलीत, क्रोशाचा रुमाल पांघरून. क) भंगारवाल्याला दिला, आलेल्या पैशांत सगळ्यांनी भेळ खाल्ली. ड) कुठला टीव्ही?

'ड' म्हणणाऱ्यांनी जन्मदाखला दाखवून मगच पुढे वाचावं!

आपण जे लोक नव्वदच्या दशकात जन्मलो, त्यांची एक गंमत आहे. बालपण गेलं डब्ब्यासमोर आणि नोकरी चाललीय चपट्या स्क्रीनसमोर. डब्बा बंद पडला की वरून एक थाप मारायची, हे एवढंच टेक्निकल ज्ञान आपल्याला वारशात मिळालं. तो आत नेमकं काय करायचा, हे कुणी सांगितलंच नाही आणि आपणही कधी विचारलं नाही. म्हटलं, चला, आता विचारूया. त्याला एक ताजं निमित्तही झालं होतं. ते सांगतेच, पण आधी डब्ब्याच्या पोटात शिरू.

एक बाटली, एक बंदूक

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असेल तर बुधवार पेठेत जायचं, हा अलिखित नियम. तिथल्याच एका बोळातल्या रिपेअरवाल्या काकांना गाठलं. दुकान इतकं छोटं, की एक गिऱ्हाईक आत आलं की काकांनी बाहेर यायचं. शेल्फवर मात्र अजूनही तीन डब्बे हजर.

"काका, ट्यूब आतून दाखवाल?"

"अगं, ट्यूब म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे का, झाकण काढून दाखवायला? आत हवाच नसते. फुटली की आधी आत कोसळते आणि मग काचा चहूकडे उडतात. आणि हो, प्लग काढलास तरी हात घालायचा नाही. करंट आत दबा धरून बसतो."

पहिला धडा. पिक्चर ट्यूब म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची मोठ्ठी बाटली. रुंद बूड आपल्याकडे, निमुळती मान मागे. म्हणूनच ते पोट! मानेत एक छोटी तार तापते आणि तिच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. जुना टीव्ही लावल्यावर आवाज आधी आणि चित्र नंतर का यायचं? कारण ही तार तापायला वेळ लागायचा.

मग त्या इलेक्ट्रॉनना ओढायला काचेच्या आतल्या बाजूला जबरदस्त व्होल्टेज दिलेलं असतं. रंगीत टीव्हीत साधारण २५ हजार व्होल्ट! (आपल्या घरातल्या सॉकेटमध्ये २३०.) सुसाट निघालेला किरण समोरच्या काचेच्या आतून लावलेल्या फॉस्फरच्या थरावर आदळतो आणि आदळला तिथे एक ठिपका चमकतो.

बस्स. एका वेळी एकच ठिपका. अख्खा 'रामायण'चा एपिसोड त्या एका ठिपक्याने उभा केलाय!

कसा? मानेभोवती तांब्याच्या तारांची कॉइल असते. तिच्या चुंबकीय क्षेत्राने किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली वळवला जातो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी. आधी विषम ओळी, मग मधल्या सम ओळी. अशी सेकंदाला २५ चित्रं. रांगोळी काढणारी एखादी बाई डोळ्यासमोर आणा. चिमूट एकच, पण हात इतका वेगवान की सेकंदात पंचवीस रांगोळ्या पूर्ण. आणि ती खालच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत वरची रांगोळी विझत आलेली! ती अख्खी दिसते ती फक्त आपल्या डोळ्यांच्या आणि मेंदूच्या कृपेने.

खोटं वाटत असेल तर काकांच्या दुकानात मी केलं ते करून बघा. चालू डब्ब्याचं मोबाईलवर स्लो-मोमध्ये शूटिंग करा. चित्राऐवजी उजेडाचा एक पट्टा वरून खाली सरकताना दिसतो, बाकी स्क्रीन जवळजवळ काळा. मी तीनदा बघितलं. इतकी वर्षं आपण जे 'चित्र' म्हणून बघत होतो, ते काचेवर एका वेळी कधी पूर्ण नव्हतंच!

आता थोडा हिशोब. ६२५ ओळी गुणिले २५, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. तेवढ्याच फ्रिक्वेन्सीने टीव्हीतला एक ट्रान्सफॉर्मर बारीक शिट्टी वाजवतो. लहानपणी दाराबाहेरूनच कळायचं ना, की आत टीव्ही चालूये, आवाज बंद असला तरी? ती ही शिट्टी. वय वाढलं की कानाला एवढा बारीक आवाज ऐकू येईनासा होतो. म्हणून आई-बाबांना पत्ता नसायचा आणि आपल्याला असायचा.

रंगांची भानगडही भारी आहे. रंगीत ट्यूबमध्ये तीन किरण असतात. लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांसाठी एकेक. काचेच्या मागे बारीक भोकांची धातूची जाळी असते. ज्याचा किरण त्याच्याच ठिपक्यावर पडावा, यासाठी. स्क्रीनवर पाण्याचा थेंब पडला की त्यात रंगीत ठिपके मोठे होऊन दिसायचे, ते हेच. आणि स्क्रीनजवळ चुंबक नेला की हिरोचा चेहरा जांभळा का व्हायचा? किरण वाट चुकून शेजारच्या रंगावर पडायचे. टीव्ही चालू करताना येणारा तो 'धुम्म' आवाज म्हणजे जाळीतलं नको असलेलं चुंबकत्व घालवणारी कॉइल.

चाळीच्या खिडक्या

आता ऑफिसातला तुमचा मॉनिटर बघा. एलसीडी. त्यात कुणी काही 'काढत' नाही. एक भलीमोठी चाळ समजा. मागे दिवे सतत चालू आणि पुढे लाखो खिडक्या. प्रत्येक खिडकीला पडदा. कुठला पडदा किती उघडायचा, एवढंच ठरवायचं. पुढचं चित्र येईपर्यंत पडदे तसेच राहतात. म्हणून डोळ्यांना त्रास कमी, वजन कमी, विजेचं बिल कमी. फायदेच फायदे, वाद नाही.

पण दोन गोष्टी गेल्या. एक, चित्र पुढच्या फ्रेमपर्यंत तसंच थांबून राहत असल्याने वेगाने पळणारी वस्तू डोळ्याला किंचित फरफटल्यासारखी दिसते. डब्ब्यात ठिपका चमकून लगेच विझतो, त्यामुळे हालचाल सुरीसारखी स्वच्छ. दोन, चपटा टीव्ही आलेला सिग्नल आधी साठवतो, सजवतो आणि मग दाखवतो. डब्ब्यात सिग्नल आला की थेट किरणावर स्वार. मध्ये कुणी क्लार्क नाही, टेबल नाही, उद्या या नाही!

म्हणजे डब्बा नुसता 'जुना' नव्हता. त्याची कामाची पद्धतच वेगळी होती. आणि म्हणूनच काही कामं आजही त्याच्याशिवाय अडतात.

एका अक्षरापासून संभाजीनगरपर्यंत

जरा फ्लॅशबॅक. १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राऊन यांनी पहिली अशी ट्यूब बनवली. टीव्हीसाठी नव्हे, विजेच्या लहरी डोळ्यांनी बघण्यासाठी. डिसेंबर १९२६ मध्ये जपानच्या हमामात्सुमध्ये केन्जिरो ताकायानागी यांनी अशा ट्यूबवर एक जपानी अक्षर उमटवून दाखवलं. फक्त ४० ओळींचं चित्र. १९५८ मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी ऑसिलोस्कोपच्या छोट्या गोल ट्यूबवर टेनिसचा खेळ बनवला, प्रयोगशाळा बघायला येणारे लोक कंटाळू नयेत म्हणून! व्हिडिओ गेमचे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे दिल्लीत टीव्ही आला १९५९ मध्ये, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला आणि रंग आले १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी.

आणि शेवटचा अंक? तो चक्क आपल्या मराठवाड्याशी जोडलेला आहे. मूळच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जगभरातला धंदा विकत घेतला. नेमकं जग चपटं व्हायला लागलं होतं तेव्हा. ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या मोठ्या कंपन्यांपैकी व्हिडिओकॉन एक. २०१५ मध्ये तिनेही ट्यूब बनवणं थांबवलं आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मोठ्या प्रमाणावर टीव्हीची ट्यूब आता कुठेच बनत नाही. जगात जेवढ्या शिल्लक आहेत तेवढ्याच. रोज थोड्या कमी होतात.

अजून कोणाला हवाय?

गेमर्सना! 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' नावाचा २००१ चा गेम आहे. त्याच्या स्पर्धा आजही होतात आणि सिरीयस खेळाडू डब्बे मांडून खेळतात. त्यात एका फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाचा उशीरही जिंकणं-हरणं ठरवतो. चपट्या टीव्हीचा तो 'साठवून-सजवून' कारभार तिथे चालत नाही.

आणि लहानपणीचा बंदुकीचा गेम आठवतोय? बदकं मारायचा? पिवळ्या कॅसेटमध्ये '९९९९ इन १' लिहिलेलं आणि गेम खरे मोजून दहा! त्यातली आयडिया अफलातून. बंदुकीतून काहीच सुटत नसे. उलट बंदूकच बघत असे. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला आधी काळोख आणि मग उजेड दिसला की बदक खाली. आज तीच बंदूक एलईडी टीव्हीवर रोखून बघा, एकही बदक पडणार नाही. चित्र उशिरा येतं आणि बंदुकीतलं सर्किट ट्यूबच्या त्या वेगवान लुकलुकीसाठीच बनवलेलं होतं.

कलाकारांना! नाम जून पाइक हे मूळचे कोरियन कलावंत. १९६५ मध्ये त्यांनी टीव्हीवर एक दणकट चुंबक ठेवला आणि चित्राची जी वळणं-वेलांट्या झाल्या तीच कलाकृती म्हणून मांडली. आपण केलं तर धपाटा, त्यांनी केलं तर म्युझियम! असो. १९८८ मध्ये त्यांनी दक्षिण कोरियाच्या ग्वाचन इथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात १००३ टीव्ही रचून साडेअठरा मीटरचा मनोरा उभारला. १००३ का, तर ३ ऑक्टोबर हा कोरियाचा राष्ट्रस्थापना दिन. टीव्ही म्हातारे झाले आणि २०१८ मध्ये मनोरा बंद करावा लागला. मग सुरू झाली शोधाशोध. जुने टीव्ही जमवून, दुरुस्त करून ७३७ डब्बे परत पेटवले. उरलेल्या २६६ छोट्या स्क्रीन्सना पर्यायच मिळेना, तिथे चपटे बसवावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. म्हणजे एका देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयालाही सेकंडहँड डब्बे शोधत फिरावं लागलं.

आणि वैमानिकांना! १९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७६७ च्या कॉकपिटमध्ये काट्यांच्या घड्याळांऐवजी छोट्या पिक्चर ट्यूब आल्या. तेव्हा तो केवढा आधुनिकपणा! त्या पिढीतल्या काही जुन्या विमानांत अजूनही त्याच ट्यूब दुरुस्त करून वापरतात.

शिशाचा हिशोब

आता ते निमित्त. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत सफाई मोहीम झाली. टेरेसच्या जिन्याखालून निघालेल्या ढिगाऱ्यात दोन डब्बे टीव्ही. भंगारवाला आला, सोबत सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा. पोराने पार्किंगमध्येच टीव्हीचं मागचं कव्हर उचकटलं आणि हातोडा काढला.

"अरे थांब, काय करतोयस?"

"ताई, फक्त तांबं काढायचंय. मान तोडली की कॉइल निघते."

"आणि काच?"

"काचेला कोण घेतंय?"

हातात ग्लव्हज नाहीत, तोंडाला रुमाल नाही. मी त्याला थांबवलं खरं, पण का ते धड सांगता येईना. म्हणून तर काकांकडे गेले होते.

उत्तर त्याच २५ हजार व्होल्टमध्ये आहे. इतक्या वेगाने इलेक्ट्रॉन आदळले की थोडे क्ष-किरणही तयार होतात. ते आपल्यापर्यंत पोचू नयेत म्हणून ट्यूबच्या काचेत शिसं घातलेलं असतं. मागच्या नरसाळ्यासारख्या भागात तर वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा लेड ऑक्साइड. मोठ्या टीव्हीत मिळून एक-दोन किलो शिसं सहज भरतं. काच अख्खी आहे तोवर शिसं तिच्यात बंद, आपण सुरक्षित. हातोडा पडला की त्याची धूळ होते, आतल्या फॉस्फरची पूड उडते आणि तुकडे जातात नाल्यात, नाहीतर कचरा डेपोवर. शिशाचा सगळ्यात मोठा फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो. रक्तातली शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटनासुद्धा म्हणत नाही.

पूर्वी या काचेला गिऱ्हाईक होतं. जुनी काच वितळवून नवी ट्यूब बनायची. नवी ट्यूब बनणंच थांबलं आणि काचेची ती वाटही बंद झाली. आता तांब्याला भाव आहे, काचेला नाही. त्या पोराला दोष देऊन काय होणार? तो भावाप्रमाणेच वागतोय. ज्या काचेने आपल्याला लहानपणभर क्ष-किरणांपासून वाचवलं, तिचं बिल आता त्याच्या फुफ्फुसांवर फाटतंय, एवढाच मामला आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितल्यावर सेक्रेटरीकाका म्हणाले, "मग काय, दोन टीव्हींसाठी आता आपण टेम्पो करायचा?" शेवटी केला! पण एकाचसाठी. कारण दुसरा टीव्ही काकांनी येऊन तपासला आणि तो ठणठणीत निघाला. एकवीस इंची. एका ग्रुपवर फोटो टाकला आणि दोन तासांत कॉलेजचा एक मुलगा मित्राला घेऊन हजर. दोघांनी बाळंतिणीसारखा जपून रिक्षात बसवला. बंद पडलेला मात्र नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे गेला. भंगारवाल्यालाही त्याच्या दोन्ही कॉइलचे पैसे वर्गणीतून दिले. त्याचं नुकसान का?

तेव्हा मंडळी, माळा आवरायला घ्याल तेव्हा एवढं करा. डब्बा एकट्याने उचलू नका, कंबर जाईल. मागचं कव्हर उघडू नका. आधी चालू होतोय का बघा. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर आणि सेट-टॉप बॉक्स असेल तर चित्र दिसेल. चालू असेल तर फोटो टाका. कुणीतरी गेमर, कुणीतरी नाटक-सिनेमाच्या सेटवाला, कुणीतरी आर्टचा विद्यार्थी तो शोधत असतो. बंद असेल तर अख्खाच्या अख्खा नोंदणीकृत रिसायकलरला द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्यात टीव्हीचाही समावेश आहे. टेम्पोचं भाडं भरताना जीवावर येईल, कबूल. पण वीकेंडच्या एका पिझ्झापेक्षा जास्त काही होत नाही.

आणि तो भंगारवाल्याचा पोरगा? परवा पुन्हा आला होता. म्हणाला, "ताई, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये अजून चार आहेत. फोडू का नको, ते विचारायला आलो."

टेम्पोवाल्याचा नंबर सेव्ह करून ठेवलाय.